कालवडीचे पहिले साठ दिवस

प्रस्तावना

काष्टी, लोणी किंवा घोडेगावच्या बाजारात गाय घ्यायला गेलेला शेतकरी किती बारकाईने बघतो! कासेची ठेवण पाहतो, चारही सडांची धार काढून बघतो, दुधाची शीर हाताने चाचपतो, दात मोजतो. कितवे वेत आहे, आईला दूध किती होते, माजावर वेळेवर येते का, हे सगळे खोदून खोदून विचारतो. एक प्रश्न मात्र कोणीच विचारत नाही: ही गाय वासरू होती तेव्हा पहिल्या दोन महिन्यांत तिला काय पाजले आणि किती पाजले? विचारला तरी विकणाऱ्याकडे उत्तर नसते, कारण त्याची नोंद कुठे ठेवलेलीच नसते. या पुस्तकाचा सगळा विषय त्या न विचारलेल्या प्रश्नाभोवती आहे.

गायीचे दूध तिच्या वंशावर ठरते, हे आपल्याला चांगले पटलेले आहे. म्हणून तर आपण चांगल्या वळूची रेतमात्रा मागतो आणि कालवडच व्हावी म्हणून सेक्स्ड सीमेनसाठी जास्तीचे पैसे मोजतो. दूध खुराकावर अवलंबून असते, हेही पटलेले आहे; पेंड, मुरघास, खनिज मिश्रण यांची चर्चा गावोगाव चालते. पण या दोन्हींच्या मध्ये एक काळ येतो, ज्यात आणलेला वंश प्रत्यक्ष कासेत उतरायचा असतो. तो काळ म्हणजे वासराचे पहिले साठ दिवस. कालवडीचे पहिले वेत ती व्याल्यावर सुरू झाले असे आपण धरतो. जनावरांच्या शरीराचा अभ्यास सांगतो की त्याची तयारी तिच्या जन्माच्या पहिल्या तासापासून चालू झालेली असते, आणि या दिवसांत जे राहून गेले ते पुढे महागड्या खुराकानेही पूर्ण भरून येत नाही. वाचकाने या पुस्तकातून दुसरे काही नेले नाही तरी एवढे नक्की न्यावे, अशी माझी इच्छा आहे.

वासराकडे दुर्लक्ष का होते, याचे उत्तर शेतकऱ्याच्या मायेत शोधू नये. ते दुधाच्या हिशेबात आहे. पूर्वी देशी गाय वासराशिवाय पान्हवत नसे. वासरू सोडायचे, त्याने चार ढुसण्या दिल्या आणि पान्हा सुटला की त्याला ओढून खुंट्याला बांधायचे, धार काढायची आणि एखादा सड त्याच्यासाठी राखायचा. त्या पद्धतीत वासराचे पोट भरतच होते असे नाही. पण दूध चालू राहायचे तर ते जगवणे भाग होते. संकरित गाय आली, ती वासराशिवाय दूध देऊ लागली आणि वासराचे दूध बादलीत, म्हणजे मापात आले. मापात आलेली गोष्ट कापताही येते. दर दहा दिवसांनी होणाऱ्या दुधाच्या पगाराच्या कागदावर लिटर, फॅट, एसएनएफ, दर, पशुखाद्याची कपात असे सगळे छापलेले असते. वासराच्या पोटात गेलेले दूध त्यावर कमी भरलेल्या लिटरच्या रूपानेच दिसते. संकलन केंद्रावर दोन लिटर कमी गेले की संध्याकाळच्या आत घरात कळते. वासरू दोनशे ग्रॅम कमी वाढले ते कधीच कळत नाही. रोजच्या रोख पैशावर घर चालवणाऱ्या माणसाने आजचा तोटा आधी पाहावा, हे साहजिक आहे. म्हणूनच दोन वर्षांनंतरचा तोटाही त्याला आकड्यांत दाखवायला हवा.

सुरुवात चिकापासून करावी लागते. माणसाच्या बाळाला आईच्या पोटात असतानाच वारेतून रोगांशी लढणारी प्रथिने, म्हणजे अँटिबॉडीज, मिळतात. गायीच्या आणि म्हशीच्या वारेची रचना अशी आहे की तिच्यातून ही प्रथिने पलीकडे जात नाहीत. त्यामुळे वासराच्या रक्तात जन्मतः अँटिबॉडीज जवळजवळ नसतात. त्याला त्या मिळण्याचा एकच मार्ग आहे, तो म्हणजे चीक. नवजात वासराचे आतडे ही मोठी प्रथिने न मोडता जशीच्या तशी रक्तात घेऊ शकते, पण थोडेच तास. ही शक्ती जन्मापासूनच कमी होऊ लागते आणि चोवीस तासांच्या सुमारास संपते. त्यानंतर पाजलेला चीक पोट भरतो, आतड्यात थोडेफार संरक्षणही देतो. पण रक्तात अँटिबॉडीज पोचवत नाही.

आता आपल्याकडची सर्वांत नुकसान करणारी समजूत बघा. वार पडल्याशिवाय वासराला पिऊ द्यायचे नाही, असा रिवाज अजून कितीतरी गोठ्यांत पाळला जातो. आधी पाजले तर वार अडकते, असे सांगतात. वस्तुस्थिती उलटी आहे. वासराने सड चोखल्याने गायीच्या शरीरात ऑक्सिटोसिन स्रवते, त्याने पान्हा सुटतो आणि गर्भाशयही आकुंचन पावते. म्हणजे वार पडायला मदतच होते. वार पडायला सहा-आठ तास सहज लागतात, बारा तासही लागू शकतात. तेवढा वेळ वासरू उपाशी ठेवले की त्याच्या आयुष्यातली ही एकमेव संधी निम्म्याहून अधिक निघून जाते. शिवाय कासेत थांबलेला चीकही पातळ होत जातो. २००५ साली प्रसिद्ध झालेल्या एका अमेरिकी प्रयोगात व्याल्यानंतर दोन तासांनी काढलेल्या चिकाच्या तुलनेत सहा तासांनी काढलेल्या चिकात अँटिबॉडीज सुमारे १७ टक्क्यांनी आणि चौदा तासांनी काढलेल्या चिकात सुमारे ३३ टक्क्यांनी कमी भरल्या.

किती पाजायचा? वासराच्या वजनाच्या दहा टक्के, पहिल्या दोन तासांत. तीस किलोच्या संकरित वासराला तीन लिटर झाले. चीक चांगला आहे की नाही, हे ओळखण्याचे साधन आपल्या द्राक्षपट्ट्यात घरोघरी आहे. मण्यांतली साखर बघायला बागायतदार जो रिफ्रॅक्टोमीटर वापरतो, त्याच्याच काचेवर चिकाचा एक थेंब टाकायचा आणि उजेडाकडे धरून पाहायचे. ब्रिक्स २२ किंवा त्याहून अधिक आले तर चीक उत्तम. नाशिक किंवा तासगावकडे ज्या घरात द्राक्षबाग आणि गोठा दोन्ही आहेत, तिथे यासाठी एक रुपयाही खर्च करावा लागत नाही.

चिकाचा दाटपणा आपल्या बायकांना उपकरणाशिवायही कळतो. पहिल्या दिवसाच्या चिकात दूध घालावे लागते, नाहीतर खरवस चिवट होतो. तिसऱ्या दिवसाच्या चिकाचा खरवस धड लागतच नाही. पहिल्या धारेच्या चिकात प्रथिने चौदा टक्क्यांच्या आसपास असतात, नेहमीच्या दुधात ती सव्वातीन टक्के. उष्णतेने गोठून खरवस लावणाऱ्या या प्रथिनांचा मोठा भाग अँटिबॉडीजचाच असतो. खरवस करू नये असे माझे मुळीच म्हणणे नाही. चांगली संकरित गाय वासराला पुरून उरेल एवढा चीक देते. क्रम मात्र चुकू नये. पहिल्या धारेचा चीक वासराचा आणि शेजारीपाजारी वाटायचा तो नंतरच्या धारेचा.

ही अडचण केवळ आपल्याकडची, असेही समजू नये. अमेरिकेच्या कृषी खात्याने १९९१-९२ मध्ये देशभरातल्या कालवडींचे रक्त तपासले तेव्हा दहापैकी चार कालवडींत अँटिबॉडीज पुरेशा नव्हत्या. त्यानंतर तिथे चिकाच्या वेळेवर आणि मात्रेवर सतत भर दिला गेला. २००७ च्या पाहणीत हे प्रमाण पाचात एकावर आले होते. म्हणजे सवय बदलता येते. आणि चिकाचा परिणाम केवळ वासरू जगण्यापुरता थांबत नाही. २००५ साली प्रसिद्ध झालेल्या ब्राउन स्विस जातीवरच्या एका अभ्यासात काही कालवडींना जन्मल्यावर दोन लिटर आणि काहींना चार लिटर चीक दिला होता. चार लिटरवाल्या कालवडींनी पुढे दोन वेतांत मिळून सुमारे एक हजार किलो दूध जास्त दिले. हा अभ्यास ६८ जनावरांचा होता, म्हणून त्याचा आकडा आपल्या गोठ्याला जसाच्या तसा लावू नये. दिशा मात्र स्पष्ट आहे. चिकात अँटिबॉडीजबरोबर इन्शुलिन आणि वाढीला चालना देणारे इतर घटकही नेहमीच्या दुधाच्या कितीतरी पट असतात. आईच्या पहिल्या दुधातून पिलाच्या अवयवांच्या वाढीला असे संदेश मिळतात, हे डुकरांच्या पिलांवरील संशोधनातून आधी पुढे आले, आणि वासरांच्या बाबतीत त्याचा शोध चालू आहे.

चिकानंतर दूध. वजनाच्या दहा टक्के दूध पाजावे, हा सल्ला आपण पिढ्यान्पिढ्या ऐकतो आहोत. त्याचा अर्थ एकदा मांडून पाहू. तीस किलोच्या वासराला श्वास घेणे, अंग गरम ठेवणे, उठणे-बसणे एवढ्यासाठीच सुमारे दोन लिटर दुधाची ऊर्जा लागते. दहा टक्क्यांच्या हिशेबाने त्याला तीन लिटर मिळतात. दोन लिटर जगण्यात गेले, वाढीसाठी एक उरला. हेच दूध सहा लिटर केले तर जगण्याचे दोन लिटर तेवढेच राहतात आणि वाढीसाठी चार उरतात. दूध दुप्पट झाले, पण वाढीसाठीचे दूध चौपट झाले. या एका वजाबाकीकडे आपले लक्ष गेलेले नाही. थंडीत तर गणित आणखी बिघडते. तापमान पंधरा अंशांच्या खाली गेले की नवजात वासराला अंग गरम ठेवायला जास्त ऊर्जा लागते. पौषातल्या रात्री नाशिक-नगरकडे पारा दहाच्या आसपास उतरतो, तेव्हा ओल्या फरशीवर बांधलेल्या, तीन लिटर पिणाऱ्या वासराकडे वाढीसाठी जवळजवळ काहीच उरत नाही. गाईपाशी मोकळे सोडलेले वासरू दिवसातून सहा-सात वेळा तरी पिते आणि होल्स्टीनसारख्या मोठ्या जातीचे वासरू पोटभर मिळाले तर आठ-दहा लिटर सहज पचवते. जास्त दुधाने वासराला हगवण लागते, ही भीती बहुतेक वेळा दुधाच्या मात्रेपेक्षा अस्वच्छ बादली, थंड दूध आणि चुकलेल्या वेळा यांच्यामुळे खरी ठरत आलेली आहे.

या वाढीचा पुढच्या दुधाशी संबंध काय, यावरचा सर्वांत गाजलेला अभ्यास न्यूयॉर्क राज्यातल्या कॉर्नेल विद्यापीठाचा. फर्नांडो सोबेरॉन, मायकेल व्हॅन ॲम्बर्ग आणि सहकाऱ्यांनी तो २०१२ साली ‘जर्नल ऑफ डेअरी सायन्स’मध्ये मांडला. विद्यापीठाच्या गोठ्यातल्या १,२४४ कालवडींच्या नोंदी त्यांनी तपासल्या. दूध पिण्याच्या काळात दिवसाला सरासरी एक किलो जास्त वाढलेल्या कालवडीने पहिल्या वेतात सुमारे ८५० किलो दूध जास्त दिले, असे नाते त्यातून निघाले. दुसऱ्या, व्यावसायिक गोठ्यात हाच आकडा १,११३ किलो आला. प्रत्यक्षात दोन कालवडींच्या रोजच्या वाढीत एक किलोचा फरक क्वचितच असतो. तो दोनशे-चारशे ग्रॅमचा असतो. पण तीनशे ग्रॅमचा फरक धरला तरी कॉर्नेलच्या हिशेबाने अडीचशे किलो दूध होते. 

असे का व्हावे, याचा धागा कासेतच सापडतो. जन्मलेल्या कालवडीची कास म्हणजे चरबीच्या गादीत रुजलेली दूधग्रंथीची अगदी लहानशी सुरुवात. मिशिगन स्टेट विद्यापीठाच्या २००५ सालच्या प्रयोगात दुसऱ्या ते आठव्या आठवड्यात भरपूर पोषण मिळालेल्या कालवडींत ही दूधग्रंथी ठळकपणे जास्त वाढलेली आढळली. तोच वाढीव खुराक आठव्या ते चौदाव्या आठवड्यात दिला तेव्हा ग्रंथीत तो फरक पडला नाही. नंतर व्हर्जिनिया टेकमधल्या प्रयोगांनीही सुरुवातीच्या काळातल्या पोषणाचे हे महत्त्व दाखवले. याच्या उलट टोकालाही एक धोका आहे. साधारण तिसऱ्या महिन्यापासून पहिल्या माजापर्यंत कालवडीला गरजेपेक्षा फार ऊर्जेचा खुराक दिला तर कासेत चरबी साठते आणि दूधग्रंथीची वाढ मागे पडते, हे सेयर्सन आणि सहकाऱ्यांनी १९८२ सालीच दाखवले होते. म्हणजे लहानपणी उपाशी ठेवायचे आणि सहाव्या महिन्यात पेंडीचा मारा करून ते भरून काढायचे, हा आपल्याकडचा नेहमीचा प्रकार दोन्हीकडून नुकसानीचा आहे.

या विषयावर लिहिताना उत्साहाच्या भरात अर्धेच सांगण्याचा मोह होतो, म्हणून दुसरी बाजूही इथेच सांगतो. पेनसिल्व्हेनिया स्टेट विद्यापीठाच्या संशोधकांनी २०१६ साली अशा अनेक अभ्यासांचा एकत्रित आढावा घेतला. पहिल्या वेताच्या दुधात जो चढ-उतार दिसतो, त्यातला तीन टक्क्यांहूनही कमी भाग दूध पिण्याच्या काळातल्या पोषणाने आणि वाढीने उलगडतो, असा त्यांचा निष्कर्ष होता. कॉर्नेलच्या गोठ्यात हा भाग २२ टक्के निघाला होता. दोन्ही आकडे प्रामाणिक आहेत. वेगवेगळ्या गोठ्यांत, वेगवेगळ्या निगेत तोच संबंध कमी-जास्त उमटतो. त्या आढाव्यातून निघणारा व्यवहारी धडा असा की या काळात दिवसाला अर्ध्या किलोहून अधिक वाढ साधली आणि दूध तोडल्यानंतरही पोषण चांगले ठेवले, तर फायदा दिसतो. दोन महिने लाड करून पुढे कडब्यावर टाकलेल्या कालवडीकडून कसलीही अपेक्षा करू नये.

मग आपल्या गोठ्यात हा खर्च परवडतो का? दिवसाला तीन लिटर जास्त, पन्नास दिवस, म्हणजे दीडशे लिटर दूध वासराला जास्त गेले. त्याने रोजची वाढ साधारण चारशे ग्रॅमने वाढली असे धरू. कॉर्नेलच्या नात्याप्रमाणे त्याचे सुमारे ३४० किलो दूध होते, पण ते वेताला दहा हजार किलोच्या घरात दूध देणाऱ्या होल्स्टीनचे. आपल्या साडेतीन हजार लिटरच्या संकरित गायीला त्याचा तिसरा हिस्सा लावला तर शे-सव्वाशे लिटर होतात. म्हणजे निव्वळ पहिल्या वेताच्या दुधावर घातलेले दीडशे लिटर वसूल होतीलच असे मी म्हणणार नाही. हिशेब जुळतो तो पुढच्या दोन गोष्टींनी. पहिली, जगलेली आणि कमी आजारी पडलेली कालवड. मेलेल्या कालवडीसाठी केलेला गाभणकाळाचा सगळा खर्च पाण्यात जातो. दुसरी, वय. संकरित कालवड साधारण अडीचशे किलोची झाली की भरवता येते. तीस किलोपासून तिथवर जायला रोज पाचशे ग्रॅम वाढीने चौदा-पंधरा महिने लागतात. साडेतीनशे ग्रॅम वाढीने वीस महिने ओलांडतात. हे सहा महिने कालवड खाते, जागा अडवते आणि दुधाचा थेंबही देत नाही. चोविसाव्या-पंचविसाव्या महिन्यात विणारी कालवड आणि तिशी उलटून विणारी कालवड यांच्यातला फरक गोठ्याच्या नफ्या-तोट्याचा फरक असतो. चांगल्या सुरुवातीशिवाय ती पाचशे ग्रॅमची सरासरी गाठता येत नाही.

दुधाइतकेच महत्त्व पहिल्या दाण्याला. जन्मतः वासराचे चौथे पोट मोठे असते आणि कोठीपोट अगदी लहान, कामाला न लागलेले. वासरू मान वर करून चोखते तेव्हा अन्ननलिकेच्या टोकाची एक घडी मिटते आणि दूध कोठीपोटाला वळसा घालून थेट चौथ्या पोटात उतरते. म्हणून निपल असलेली बाटली किंवा निपलची बादली छातीच्या उंचीच्या वर धरावी. कोठीपोट वाढवण्याचे काम दूध करत नाही आणि नुसता चाराही करत नाही. ते काम करते काफ स्टार्टर. त्यातले दाणे आंबून जी आम्ले तयार होतात, विशेषतः ब्युटिरिक आम्ल, त्यांनी कोठीपोटाच्या आतल्या अस्तरावर बारीक बोटे फुटतात आणि त्यांतून पुढे अन्न शोषले जाते. कॉर्नेलच्याच वॉर्नर, फ्लॅट आणि लूसली यांनी हे १९५६ साली दाखवले. तेव्हा तिसऱ्या-चौथ्या दिवसापासून मूठभर स्टार्टर आणि स्वच्छ पाणी वासरापुढे हवे. पाणी दुधात आहेच, वेगळे कशाला, असे म्हणणे चुकीचे आहे. दूध चौथ्या पोटात जाते, आणि कोठीपोटातल्या जिवाणूंना लागते ते प्यायलेले पाणी. दूध तोडायचे ते कॅलेंडर बघून नव्हे. वासरू सलग तीन दिवस किलोभर स्टार्टर खाऊ लागले की आठ-दहा दिवसांत हळूहळू दूध कमी करावे.

हगवणीबाबत एक सूचना इथेच करतो, कारण या एका कारणाने दरवर्षी कितीतरी वासरे हकनाक जातात. हगवण लागली की पहिल्यांदा दूध बंद करण्याची पद्धत आहे. वासरू मरते ते बहुधा अंगातले पाणी आणि क्षार निघून गेल्याने. त्यात दूधही तोडले की लढायला लागणारी ऊर्जा संपते. दूध चालू ठेवावे आणि दोन पाजण्यांच्या मध्ये क्षार-साखरेचे पाणी वेगळे द्यावे. वासरू उठेनासे झाले, चोखेनासे झाले, डोळे खोल गेले तर डॉक्टरांना बोलावण्यात एक तासही घालवू नये. म्हशीच्या रेडकांबाबत जंताची गोष्ट वेगळी लक्षात ठेवावी लागते. त्यांच्यात गोल जंतांच्या अळ्या आईच्या दुधातूनच पोटात उतरतात, म्हणून दहाव्या ते पंधराव्या दिवशीच जंतनाशक द्यावे लागते. रेडकाला म्हैस पान्हवण्यापुरते जगवायचे, या विचारात पुढची म्हैस कुठून येणार हा प्रश्न अनुत्तरित राहतो. मुऱ्हा म्हैस हरियाणातून विकत आणण्याचा खर्च ज्यांनी केला आहे, त्यांनी आपल्याच दावणीच्या पारडीकडे पुन्हा एकदा पाहावे.

मोजल्याशिवाय यातले काहीच हाती लागत नाही. काटा नसला तरी शिंप्याच्या टेपने काम भागते. पुढच्या पायांच्या मागून छातीचा घेर इंचांत घ्यायचा. खांद्याच्या हाडापासून ढुंगणाच्या हाडापर्यंत लांबी इंचांत घ्यायची. घेराचा वर्ग गुणिले लांबी, भागिले ६६०, हे किलोतले अंदाजे वजन. जन्मलेल्या संकरित कालवडीचा घेर २७ आणि लांबी २५ इंच भरली तर वजन साडेसत्तावीस किलोच्या आसपास येते. साठाव्या दिवशी घेर ३५ आणि लांबी ३० इंच झाली तर पंचावन्न किलोच्या वर. म्हणजे दोन महिन्यांत वजन दुप्पट, रोजची वाढ साडेचारशे ग्रॅमहून अधिक. जन्मवजन साठ दिवसांत दुप्पट झालेच पाहिजे, एवढा एक निकष गोठ्यात पाळला तरी पुष्कळ सुधारणा होते. त्याहून जास्त साधले तर उत्तमच.

या पुस्तकाची मांडणी या क्रमानेच आहे: चीक, दूध, स्टार्टर, निवारा, आजार आणि शेवटी नोंदी. प्रत्येक प्रकरणाच्या शेवटी घरात लावता येतील असे तक्ते दिलेले आहेत. ते घरातल्या बाईने वाचावेत अशी माझी खास विनंती आहे. बहुतेक घरांत वासरांना पाजण्याचे, त्यांची जागा झाडण्याचे, कोणते वासरू आज सुस्त आहे हे आधी ओळखण्याचे काम तीच करते. प्रशिक्षणाला मात्र पुरुषाला बोलावले जाते आणि दुधाचे खातेही बहुधा त्याच्या नावावर असते. ज्ञान आणि पैसा या दोन्ही गोष्टी काम करणाऱ्या हातापर्यंत पोचल्या नाहीत तर उत्तम पुस्तकाचाही उपयोग होत नाही.

दूध संघांना आणि पशुवैद्यकीय महाविद्यालयांनाही एक गोष्ट सांगायची आहे. परदेशी आकड्यांवर आपण किती काळ विसंबायचे? आपल्या संकरित गायी, आपला चारा, आपला उन्हाळा यांत वासराच्या वाढीचे आणि पुढच्या दुधाचे नाते काय आहे, हे आपल्याच नोंदींतून निघायला हवे. संघांकडे लाखो लिटर दुधाची रोजची नोंद आहे. तिला कालवडीचा जन्म, चिकाची वेळ, साठाव्या दिवसाचे वजन आणि पहिल्या विण्याची तारीख एवढे चार रकाने जोडले, तर दहा वर्षांत महाराष्ट्राकडे स्वतःचे उत्तर असेल. पशुखाद्यावर सवलत देणाऱ्या संघाने वासराच्या दोन महिन्यांच्या दुधावरही थोडी सवलत दिली, तर शेतकऱ्याचा आजचा तोटा कमी होईल आणि तो उद्याचा विचार करू शकेल.

या कामाचे फळ दिसायला दोन वर्षे लागतात, आणि म्हणूनच ते टाळले जाते. पण दोन वर्षे तशीही जाणार आहेत. या महिन्यात ज्या घरी गाय व्यायची आहे, त्यांनी पुस्तक संपायची वाट पाहू नये. चिकाचे प्रकरण आजच वाचावे, निपलची बाटली आणि टेप आणून ठेवावा, आणि वासरू जमिनीवर आल्याबरोबर घड्याळाकडे बघून पहिली नोंद करावी.